टेक व्हिडिओ: करमणूक किती आणि माल किती?

बोर्डदुरुस्ती

नाशिकला एमजी रोडवर लॅपटॉप-मोबाइल दुरुस्तीचं काम करतो. हल्ली गिऱ्हाईक येतं ते निदान सोबत घेऊनच. ‘युट्यूबवर बघितलंय, चार्जिंगचा आयसी गेलाय, तेवढा बदलून द्या.’ उघडून बघावं तर चार्जिंगच्या भोकात खिशातला कापूस. माझी तक्रार नाही. पण हे ज्ञान कुठून आणि कसं येतं, यावर बोलायचं होतं म्हणून हा धागा.

तात्कालिक कारण घरचंच. माझा भाचा कॉलेज रोडला राहतो, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मराठीतून टेक चॅनेल चालवतो. बोलणं त्याचं, मोजमाप माझं, अशी वाटणी. मागे पॉवर बँकेवर व्हिडिओ केला. दहा हजार एमएएच छापलेलं असतं, मग फोनला तेवढे का मिळत नाहीत? तर ते दहा हजार आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेले असतात. म्हणजे ३७ वॉट-अवर. तीच ऊर्जा यूएसबीतून ५ व्होल्टने काढली की आकडा ७,४०० वर येतो, त्यातलं थोडं कन्व्हर्टर गरम करण्यात जातं, आणि हातात साधारण सहा-साडेसहा हजार उरतात. यात फसवणूक नाही. बऱ्याच पॉवर बँकांवर हा खरा आकडा ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून बारीक अक्षरांत छापलेलाही असतो. फसवणूक कोण करतं ते मोजल्यावरच कळतं. म्हणून मी इलेक्ट्रॉनिक लोड (ठरवलेला करंट ओढणारं यंत्र) लावून, केबल तीच ठेवून, प्रत्येक पॉवर बँक पूर्ण रिकामी होईपर्यंत मोजली.

भाच्याने या सगळ्याला चाळीस सेकंद दिले. बाकी वेळ पॉवर बँकांची कुस्ती. हलगी, लाल माती, हरलेल्या पॉवर बँकेच्या तोंडाला फेस. मी चिडलो तर म्हणतो, ‘मामा, पहिल्या तीस सेकंदांत माणूस उठून गेला तर तुमचा लोड कोणासाठी लावायचा?’

त्याला चोख उत्तर द्यायचं आहे, पण माझ्याकडे नाही. तुम्ही कोणती चॅनेलं बघता? हसवणूक आणि खरेपणा दोन्ही कोण सांभाळतं? आणि तुमची सहनशक्ती नेमकी कुठे संपते?

फर्स्टशिफ्ट

अंबडला कंपनीत आहे. शिफ्ट सुटल्यावर घरी जेवताना मोबाइल तांब्याला टेकवून उभा करतो. त्या वेळी मला ३.७ व्होल्ट नको असतात, हायड्रॉलिक प्रेसखाली फोनचा चुरा होताना बघायचा असतो. त्यात वाईट काय? तो प्रेसवाला मला ‘हा फोन घे’ असं म्हणत नाही.

माझा राग दुसऱ्या जातीवर आहे. आधी फोन उकळत्या तेलात टाकायचा, गच्चीवरून फेकायचा, आणि शेवटी गंभीर चेहरा करून ‘म्हणून पंधरा हजारांत हाच घ्या’, खाली लिंक. तमाशा कर नाहीतर सल्ला दे. मी क्वालिटीला आहे. आमच्याकडे पीस ओके म्हणायला गेज लावावा लागतो, ‘दिसायला भारी आहे’ एवढ्यावर डिस्पॅच होत नाही.

खडूफळा

मी पॉलिटेक्निकला फिजिक्स शिकवते. या विषयावर एक चांगलं काम आधीच झालेलं आहे, आणि ते ज्याने केलं तो स्वतः युट्यूबवर आहे. व्हेरिटॅसियम या विज्ञानाच्या चॅनेलचा डेरेक मलर. २००८ साली सिडनी विद्यापीठात त्याने पीएचडी केली तीच फिजिक्सचे व्हिडिओ कसे असावेत यावर.

त्याने काही विद्यार्थ्यांना एकदम स्वच्छ, मुद्देसूद, नीटनेटक्या आकृत्यांचं स्पष्टीकरण दाखवलं. मुलं म्हणाली, छान, सोपं, समजलं. व्हिडिओच्या आधीची आणि नंतरची परीक्षा घेतली तर गुण जवळपास होते तिथेच. उलट ज्या व्हिडिओत एक जण विद्यार्थ्यांच्या मनातल्याच चुकीच्या समजुती बोलून दाखवतो आणि दुसरा त्याच्याशी वाद घालतो, तो मुलांना गोंधळाचा वाटला. पण गुण त्यानेच वाढले. कारण स्वच्छ व्हिडिओ बघताना मुलांना आपलीच जुनी चुकीची समजूत पडद्यावर दिसत होती आणि ती पक्की होऊन बाहेर येत होती!

त्यामुळे दादा, मला भीती करमणुकीची नाही, गुळगुळीतपणाची वाटते. सुंदर प्रकाशयोजना, शांत आवाज, मागे पियानो, आणि बघणाऱ्याला ‘मला समजलं’ अशी गुंगी. वर्गात असे चेहरे मला रोज दिसतात. तुमच्या भाच्याच्या कुस्तीत निदान आधी कोणीतरी पैज लावली असेल की कोण जिंकणार. ती पैज महत्त्वाची आहे. पैज हरलेला मुलगा गणित ऐकायला तयार असतो.

चहाटळ

‘हरलेल्या पॉवर बँकेच्या तोंडाला फेस’ यासाठी भाच्याला माझं सबस्क्रिप्शन. लिंक द्या.

ओझरकर

ऑगस्ट २०२३ चं प्रकरण इथे सांगायलाच हवं. कॅनडाचं लायनस टेक टिप्स हे कॉम्प्युटरवाल्यांमधलं बडं प्रस्थ. विनोद, धडपड, वस्तू हातातून पाडणं, सगळं आहे. वर त्यांनी बराच पैसा ओतून मोजमापाची स्वतःची लॅबही उभी केली. कॉम्प्युटरचे भाग तपासणाऱ्या गेमर्स नेक्सस या दुसऱ्या चॅनेलच्या स्टीव्ह बर्कने एक लांबलचक व्हिडिओ काढला आणि त्यांचे चुकलेले आकडे एकामागून एक समोर ठेवले.

सगळ्यात झोंबणारी गोष्ट बिलेट लॅब्सची. ही छोटी ब्रिटिश कंपनी. त्यांनी आरटीएक्स ३०९० टीआय या ग्राफिक्स कार्डासाठी बनवलेला तांब्याचा वॉटर ब्लॉक (कार्ड पाण्याने थंड ठेवणारा ठोकळा) तपासायला पाठवला. लायनसच्या चमूने तो ४०९० वर बसवला. दुसऱ्या कार्डासाठी घडवलेली वस्तू, नीट बसेल कशी? आकडे खराब आले, आणि निकाल दिला की घेऊ नका. योग्य कार्डावर पुन्हा मोजा, असं लोक म्हणाले तर उत्तर असं की त्यात माणसांचा वेळ आणि पैसा जातो. कडी म्हणजे तो नमुना परत करायचा सोडून त्यांच्याच मेळाव्यात धर्मादाय लिलावात विकला गेला. ओरड झाली, मग जवळपास आठवडाभर नवीन व्हिडिओ थांबवून त्यांनी कामाची पद्धत बदलायला घेतली.

आता नीट बघा. तिथे क्वालिटी विनोदामुळे गेली का? नाही. ती गेली उद्याचा व्हिडिओ उद्याच गेला पाहिजे या रेट्यामुळे. बर्कची चॅनेलसुद्धा कोरडी नाही, तिरकस टोमणे भरपूर असतात. पण तो आधी मोजतो आणि मग हसवतो.

आणखी एक. युट्यूबवर चढवलेला व्हिडिओ त्याच लिंकवर बदलता येत नाही. मधला तुकडा कापता येतो, खाली टीप लिहिता येते, बास. छापील मासिक पुढच्या अंकात शुद्धिपत्रक तरी देतं. इथे चुकलेला आलेख वर्षानुवर्षं तसाच फिरतो आणि त्यावर बघून लोक कार्ड विकत घेतात.

चहाटळ

म्हणजे कॅनडातही ‘माल आज गेलाच पाहिजे’ चालतं. सातपूरच्या सगळ्या सुपरवायझरांना हा प्रतिसाद फॉरवर्ड करत आहे.

निफाडी

मी द्राक्षवाला. आमच्याकडे टेक व्हिडिओ म्हणजे ड्रोन, सेन्सर, ऑटोमेशन. बघून बघून डोळे दुखतात.

ड्रोन फवारणीचा एक व्हिडिओ गेल्या हंगामात आमच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. पहाटेचं धुकं, बागेवरून ड्रोन, स्लो मोशनमध्ये तुषार, मागे ढोल. बघून माझ्या चुलतभावाने त्याच दिवशी ड्रोनवाल्याला फोन लावला. त्या अख्ख्या व्हिडिओत एकाने तोंडातून काढलं नाही की ड्रोनची टाकी असते दहा लिटरच्या आसपास आणि त्यात एकर उरकतात. आमचा ट्रॅक्टरमागचा ब्लोअर एकरी काही शे लिटर पाणी घेतो. बरं, कमी पाण्यात बारीक थेंब चालतातही, भातात-सोयाबीनमध्ये चालत असेल. पण द्राक्षाला डाऊनी, म्हणजे बुरशीचा रोग, येतो पानाच्या खालून! वरून मांडव झाकलेला. औषध वरच्या पानांवर बसलं, आणि घड नि पानाची खालची बाजू कोरडी राहिली, तर ढोल वाजवून काय फायदा?

मला ड्रोन वाईट म्हणायचा नाही. मजूर मिळत नाही, चिखलात ट्रॅक्टर फसतो, तेव्हा ड्रोनच देव. माझं म्हणणं एवढंच की पिवळे कागद मिळतात, पाण्याचा थेंब पडला की निळा डाग उमटतो. मांडवाच्या वर, घडाजवळ, पानाच्या खाली असे चिकटवायचे. ड्रोन गेला की काढून कॅमेऱ्यासमोर धरायचे. एका मिनिटाचं काम. आणि खरं सांगा, ढोलापेक्षा ते बघायला जास्त मजा नाही का येणार? खालचा कागद निळा निघतो की पिवळाच राहतो, आख्खा तालुका श्वास धरून बघेल.

ओझरकर

निफाडीभाऊ, दंडवत. धाग्याचं उत्तर तुम्हीच दिलंत.

कटपेस्ट

गंगापूर रोडला स्टुडिओ आहे, तीन-चार चॅनेलांचं एडिटिंग करतो, त्यात एक टेक. पडद्यामागची बाजू सांगतो.

लोक म्हणतात युट्यूबर पाणी घालतात. हो, घालतात, पण नळ कुठून येतो बघा. २०१२ मध्ये युट्यूबने शिफारशीसाठी क्लिकपेक्षा पाहण्याच्या वेळेला वजन द्यायला सुरुवात केली. हेतू चांगला होता, नुसत्या भडक चित्रावर क्लिक मिळवून पळणारे कमी व्हावेत. परिणाम काय, तर दोन मिनिटांची गोष्ट बारा मिनिटं. मधल्या जाहिराती टाकायला व्हिडिओ किमान दहा मिनिटांचा लागायचा, २०२० मध्ये ती अट आठ मिनिटांवर आली. आता माझ्याकडे येणारा कच्चा माल कितीही असो, मागणी एकच, ‘आठच्या वर ने.’ तुम्हाला वाटतं निवेदक रमून बोलतोय. तो आठ मिनिटं गाठतोय.

पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये डिसलाइकचा आकडा लपवला. क्रिएटरांना झुंडीने त्रास दिला जातो, असं कारण होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण ‘हा जुगाड करू नका, फोन जळेल’ हे प्रेक्षकांनी एकमेकांना सांगण्याची पटकन दिसणारी खूण त्याच्याबरोबर गेली. आता कमेंटा वाचा. त्याही चॅनेलवाला उडवू शकतो.

म्हणून ‘करमणूक विरुद्ध दर्जा’ असं म्हटलं की मला हसू येतं. लांबवण्याला करमणूक म्हणू नका. चांगली करमणूक कापायला सांगते. विनोद दोन सेकंद उशिरा आला तरी पडतो.

पंचवटीकाका

तुम्हा तरुण मंडळींना वाटतं हा वाद युट्यूबने आणला. आपल्या त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या गृहस्थांनी तो केव्हाच सोडवून ठेवला आहे. दादासाहेब फाळके. सिनेमाला पैसे लावायला कोणी तयार होईना, तेव्हा १९१२ मध्ये त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, त्याचं थोडं थोडं चित्रण रोज केलं आणि सगळं सलग दाखवलं. ‘अंकुराची वाढ’. दाणा फुटतो, कोंब येतो, वेल चढतो, मिनिटा-दोन मिनिटांत. ते पाहून भांडवल मिळालं. यात खोटं काय? काही नाही. यात जादू आहे का? आहे. हाच माणूस ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोगही करायचा, नाव उलटं वाचा. पुढे १९१३ मध्ये कारखाना नाशिकला आणल्यावर सिनेमा कसा बनतो तेही सिनेमातूनच दाखवलं, १९१७ मध्ये. हातचलाखी येणाऱ्याने पडदा बाजूला करून यंत्र दाखवलं.

अवांतर: पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. नाशिकच्या टेक युट्यूबरांनी तिथे एकदा जाऊन यावं. रील काढायला नको, नुसतं.

चहाटळ

काका, त्या वाटाण्याचं थंबनेल काय असतं हो? ‘एका दाण्यावर रोज कॅमेरा लावला… शेवटी जे झालं ते बघून व्यापारी हादरला!’

पंचवटीकाका

हसा. पण व्यापाऱ्याने पैसे दिले.

बोर्डदुरुस्ती

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देतो.

खडूफळाताई, तुम्ही मलरचं नाव काढलंत म्हणून. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याने एक कोडं घातलं होतं. बॅटरी आणि दिवा एकमेकांपासून एक मीटरवर, पण जोडणारी तार दोन्ही बाजूंना प्रकाशाला अर्धा सेकंद लागेल इतकी लांब. बटण दाबल्यावर दिवा कधी पेटेल? त्याचं उत्तर होतं, जवळजवळ लगेच, एका मीटरला प्रकाशाला लागेल तेवढ्या वेळात. कारण ऊर्जा तारेभोवतीच्या क्षेत्रातून जाते. आम्हा सोल्डरवाल्यांच्या जगात दंगल उसळली. ऑस्ट्रेलियाचा डेव्ह जोन्स, इलेक्ट्रोबूम चॅनेलचा मेहदी, अशा इलेक्ट्रॉनिक्सच्या युट्यूबरांनी उत्तरं दिली. मुद्दा असा निघाला की सुरुवातीला दिव्याला मिळतो तो अगदी बारीक प्रवाह, आणि ‘पेटला’ कशाला म्हणायचं ते आधी ठरवलं पाहिजे. मग एकाने खरोखर लांबलचक तार अंथरून ऑसिलोस्कोपवर ते मोजून दाखवलं. ट्रान्समिशन लाइन, म्हणजे लांब तारेतून सिग्नल कसा जातो ते, मी कॉलेजात पाठ केली होती, समजली त्या भांडणात. आणि करमणूक म्हणाल तर शुक्रवारच्या सिनेमापेक्षा जास्त.

मेहदीचं उदाहरण मी भाच्याला देणारच आहे. तो स्वतःला शॉक देतो, ओरडतो, भुवया जळतात. त्यातले बरेच शॉक ठरवून केलेले असतात हे उघड आहे. पण शॉक का बसला ते तो सर्किट काढून सांगतो, आणि ते बरोबर असतं. त्याच्या विनोदातून फिजिक्स काढून घेतलं तर विनोद शिल्लकच राहत नाही. कुस्तीत मला नेमकी हीच खोट वाटते. पॉवर बँकांच्या जागी साबण ठेवले असते तरी तीच हलगी वाजली असती.

निफाडीभाऊ, तुमच्या पिवळ्या कागदाला तोड नाही.

ग्राहकपंच

एक कोरडा पण कामाचा मुद्दा. फर्स्टशिफ्ट यांनी म्हटलेली ‘खाली लिंक’. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्धचे नियम केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये आणले आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने खास इन्फ्लुएन्सरांसाठी मार्गदर्शिका काढली. पैसे घेतले असोत, वस्तू फुकट मिळाली असो, सवलत, सहल, बक्षीस काहीही असो, ते सांगायचं. व्हिडिओ असेल तर व्हिडिओतच, बोलून आणि दाखवून. नुसतं खालच्या वर्णनात ‘अधिक वाचा’च्या मागे लपवलेलं चालत नाही. दिशाभूल केली तर दहा लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत, शिवाय वर्षभर, आणि पुन्हा झाल्यास तीन वर्षांपर्यंत, जाहिरात करायला बंदी येऊ शकते.

एवढं असून रोज किती जण ‘कंपनीने फोन पाठवलाय’ हे स्पष्ट म्हणतात? बघणाऱ्यांनी विचारायला सुरुवात करावी. कमेंटीत विचारा: फोन स्वतः घेतला की आला?

फर्स्टशिफ्ट

विचारलं होतं. कमेंट उडवली. उत्तर मिळालं असं समजलो.

बटणदाबा

नमस्कार, मीच तो भाचा. मामांनी लिंक दिली नाही, पण धाग्याची बातमी आईपर्यंत पोहोचवली, म्हणून आलो.

मामा, साबणाचं वाक्य लागलं. पण माझी बाजू ऐका. युट्यूब स्टुडिओत एक आलेख दिसतो, कोणत्या क्षणाला किती लोक उरले. कुस्तीच्या व्हिडिओत तो आलेख सावकाश उतरत जातो आणि एका ठिकाणी चक्क वर उचलतो. लोक मागे जाऊन तो भाग पुन्हा बघतात तेव्हा असं होतं. ती जागा तुमच्या मोजमापाची आहे, आकड्यांचा तक्ता जिथे येतो ती. म्हणजे लोकांना आकडे हवेत. पण तिथपर्यंत त्यांना हलगीने आणलं, हेही त्याच आलेखात दिसतं. त्याआधीचा, हलगी नसलेला राउटरचा व्हिडिओ बघा, अर्ध्या मिनिटात आलेखाने जमीन गाठली होती.

थंबनेलचं म्हणाल तर २०२४ पासून एकाच व्हिडिओला तीन थंबनेलं लावून तपासता येतात. आणि तिथे जिंकतं ते ज्यावर क्लिक जास्त ते नाही, ज्यावरून आलेले लोक जास्त वेळ बघतात ते. मी एक किंचाळणारा चेहरा लावला, एक नुसता तक्ता, एक हातात उघडलेली पॉवर बँक. उघडलेली जिंकली. चेहरा काढला. (माझाच होता, त्यामुळे आई नाराज.)

फोनच्या रिव्ह्यूबद्दल ग्राहकपंच यांचं पटलं. मला अजून कोणी फोन पाठवत नाही, त्यामुळे आज माझा प्रामाणिकपणा स्वस्त आहे. पण ओळखीतल्यांचं बघतो. फोन येतो थोडे दिवस आधी, अमुक तारखेला अमुक वाजेपर्यंत बोलायचं नाही असा एम्बार्गो असतो, आणि त्या मिनिटाला सगळे एकदम तुटून पडतात. जो दहा दिवस थांबून बॅटरी नीट तपासेल त्याचा व्हिडिओ येतो तेव्हा लोकांनी फोन घेतलेला असतो. मराठीतल्या छोट्या चॅनेलला ती शर्यत परवडत नाही. म्हणून मी नव्या फोनचं सोडून वर्षभर वापरलेल्यांचं करणार आहे. मामांच्या दुकानात दुरुस्तीला येणारे फोन आहेतच, मालकांना विचारून. कोणत्या फोनचा कोणता भाग आधी जातो, हे एमजी रोडला जेवढं कळतं तेवढं कुठल्या अनबॉक्सिंगला कळणार?

कटपेस्ट

हा विषय घे. हलगी मी फुकट लावून देतो.

बोर्डदुरुस्ती

हलगी लावा, पण मीटर चालू असताना बंद. आकडा येईपर्यंत कोणी वाजवायचं नाही. आणि कोणता मीटर, कोणती केबल, खोलीचं तापमान किती, हे पडद्यावर राहिलं पाहिजे. वाचो न वाचो. वीस दुकानदारांपैकी एक वाचेल आणि भांडायला येईल, मला तोच हवा.

खडूफळा

बटणदाबा, एक विनंती. तक्ता दाखवण्याआधी बघणाऱ्याला अंदाज करायला लाव. पाच सेकंद थांब. माझ्या मुलांना तुझा व्हिडिओ वर्गात दाखवेन, त्या पाच सेकंदांत वर्गात काय होतं ते तुला कळवते.

बटणदाबा

नक्की मॅडम. निफाडीकाका, तुमच्या बागेत ड्रोनचा व्हिडिओ करायचा का? कागद मी आणतो.

निफाडी

या ना. ऑक्टोबर छाटणी होऊन पालवी नीट भरली की या, तेव्हाच डाऊनीची भीती असते आणि फवारण्याही तेव्हाच. एका ओळीत ड्रोन, शेजारच्या ओळीत आमचा ब्लोअर, दोन्हीकडे कागद. चार ओळी मध्ये मोकळ्या सोडू, नाहीतर वाऱ्याने एकाचं औषध दुसऱ्याच्या कागदावर जाईल. दुपारी येऊ नका, वारा असतो, सकाळी लवकर. जेवण आमच्याकडे.

आणि ड्रोनवाल्याला आधी कागदाबद्दल सांगायचं नाही. कळलं तर त्या दिवशी मुद्दाम खाली आणि हळू उडवेल.